क्लिच्को जास्तच सावध लढायचा का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात बॉक्सिंगच्या हेवीवेट चॅम्पियन्सवर लिहिताना मी युक्रेनच्या व्लादिमिर क्लिच्कोचं नाव फार वर घेतलं, त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच, की हा माणूस जिंकायचा खरा पण बघवत नव्हता. प्रश्न चांगले आहेत म्हणून या महिन्याचं सदर सगळं त्यालाच दिलंय. लांब पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न (कोल्हापूरहून): ताई, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुस्तीचं वेड. तुमचा लेख वाचून यूट्यूबवर क्लिच्कोच्या फाइट्स काढून बसलो, इब्रागिमोवची आणि पोवेत्किनची तर पूर्ण बघितली. एवढा साडेसहा फुटी माणूस, एवढा जबरदस्त उजवा हात, आणि बाराच्या बारा राउंड नुसता डावा हात पुढे धरून उभा, समोरचा जवळ आला की मिठी मारायची. आमच्या मैदानात कुणी असा वेळ काढला तर लोक उठून ओरडतात, त्यांना निकाली कुस्ती पाहिजे असते. मग एवढी ताकद असून हा घाबरायचा का? आणि घाबरत असेल तर त्याला मोठा कशाला म्हणायचं?

उत्तर: तुम्ही नेमक्या त्याच दोन फाइट्स बघितल्या ज्या बघून कुणालाही हेच वाटेल, त्यामुळे तुमचा राग मला पटतो. पण आधी एक आकडा सांगते. 2006 च्या एप्रिलमध्ये मानहाइमला ख्रिस बर्डला हरवून त्याने आयबीएफ या जागतिक संघटनेचा विजेतेपदाचा बेल्ट घेतला, आणि तिथून 2015 च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे साडेनऊ वर्षं, तो चॅम्पियन राहिला आणि 18 वेळा बेल्ट राखला. त्या 18 पैकी 13 फाइट्स शेवटची घंटा व्हायच्या आधीच संपल्या, कुणी आडवा झाला, कुणाला रेफरीने वाचवलं, तर कुणी स्टूलवरून उठलाच नाही. आख्ख्या करिअरमध्ये 64 विजय आणि त्यातले 53 नॉकआउट. तुमच्या भाषेत सांगायचं तर बहुतेक कुस्त्या निकालीच झाल्या, फक्त निकाल लावायला तो घाई करायचा नाही.

आता घाई का नाही, हे समजायला त्याच्या पहिल्या तीन पराभवांकडे बघायला लागतं, आणि माझ्या मते क्लिच्कोची सगळी गोष्ट तिथेच आहे. 1996 ला अटलांटाचं ऑलिम्पिक गोल्ड घेऊन हा पोरगा प्रोफेशनल झाला आणि समोर येईल त्याला फोडत सुटला. 1998 च्या डिसेंबरमध्ये कीव्हला, घरच्या लोकांसमोर, रॉस प्युरिटी नावाच्या एका अमेरिकन बॉक्सरशी गाठ पडली, ज्याच्या नावावर तोपर्यंत डझनभर पराभव जमा होते. क्लिच्कोने त्याला राउंडमागून राउंड बडवलं, इतकं बडवलं की स्वतःचाच दम संपला आणि अकराव्या राउंडमध्ये फाइट थांबवायची वेळ आली. प्युरिटीने मार खायचं सोडलंच नाही, एवढंच त्याने केलं. मग 2003 ला हॅनोवरला कॉरी सँडर्स, दक्षिण आफ्रिकेचा डावखुरा, त्याच्या डाव्या हाताने क्लिच्को दोन राउंडमध्ये चारदा खाली गेला. आणि 2004 ला लास वेगसला लॅमन ब्रुस्टर. चौथ्या राउंडमध्ये ब्रुस्टर खाली पडला होता, फाइट जवळजवळ खिशात, आणि पाचव्या राउंडमध्ये क्लिच्कोच्या पायातलं बळच गेलं, ब्रुस्टरने धरून ठोकलं आणि राउंड संपता संपता रेफरीने थांबवलं.

म्हणजे बघा, तिन्ही वेळा तो आक्रमकच खेळत होता. लोकांना हवा तसा खेळत होता आणि हरत होता. 28 वर्षांचा होता तेव्हा आणि बॉक्सिंगवर लिहिणारे बरेच जण म्हणायला लागले होते की हा संपला, ह्याची हनुवटी काचेची आहे, दम नाही.

तिथे इमॅन्युएल स्टीवर्ड हा माणूस महत्त्वाचा. डेट्रॉइटच्या क्रॉंक जिममधला कोच, टॉमी हर्न्स त्याच्याच हाताखाली घडला, नंतर लेनॉक्स लुईसही त्याच्याकडेच होता. ब्रुस्टरकडून हरला तेव्हा स्टीवर्ड नुकताच क्लिच्कोकडे आला होता आणि हरल्यावरही त्याने सोडून दिलं नाही. त्याने ह्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून बांधलं, ते असं की उंची आहे ना तुझ्याकडे, हात एवढा लांब आहे ना, मग समोरच्याला तुझ्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही, डाव्या हाताने अंतर राखायचं, पाय जागेवर, तोल सुटू द्यायचा नाही, श्वास वाचवायचा, आणि समोरचा थकून किंवा वैतागून चूक करेल तेव्हा उजवा. दम कमी पडतो हे माहीत असलेल्या आणि सणसणीत ठोसा बसला तर खाली जाणाऱ्या माणसासाठी याहून शहाणी पद्धत मला तरी दिसत नाही.

आणि घाबरट म्हणण्याआधी 2005 ची सॅम्युएल पीटरबरोबरची पहिली फाइट जरूर बघा. पीटर तेव्हा एकही फाइट न हरलेला नायजेरियन, हात म्हणजे हातोडे. क्लिच्को तीनदा खाली गेला, पाचव्या राउंडमध्ये दोनदा आणि दहाव्यात एकदा, आणि तिन्ही वेळा उठून परत तोच जॅब, म्हणजे पुढच्या डाव्या हाताचा सरळ ठोसा, टाकायला लागला, बाराव्या राउंडमध्ये तर डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, पीटरचे पाय हलवले. तिन्ही जजनी त्याला 114-111 ने विजयी दिलं. ज्या माणसाला दीड वर्षापूर्वी लोकांनी मोडीत काढलं होतं तो तीनदा पडून उठतो आणि जिंकतो, ह्याला भीती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरीपण तुमचा अर्धा मुद्दा मी मान्य करते. 2008 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला सुलतान इब्रागिमोवबरोबर जे झालं ते मलाही बघवत नाही. दोन संघटनांचे बेल्ट एकाच चॅम्पियनकडे आणायची फाइट, हेवीवेटमध्ये असं कितीतरी वर्षांनी होत होतं, आणि क्लिच्को बारा राउंड इब्रागिमोवचा पुढचा हात आपल्या डाव्या पंजाने खाली दाबत राहिला, मांजर पंजा मारतं तसं, टप टप, आणि उजवा हात हनुवटीजवळच. लोकांनी हुर्यो उडवली आणि बरोबर उडवली. इब्रागिमोव त्याच्याहून बराच बुटका, त्याच्याकडून धोका असा काही दिसतच नव्हता, चार-पाच राउंडनंतर ते क्लिच्कोलाही कळलेलं असणार. तिथे त्याने हात मोकळा सोडायला हवा होता. ती सावधगिरी गरजेची नव्हती, ती सवय झाली होती.

स्टीवर्डलाही हे खटकायचं हे लक्षात घ्या. 2010 ला ड्यूसेलडॉर्फला एडी चेंबर्सविरुद्ध क्लिच्को आरामात पुढे होता आणि नुसता गुण गोळा करत होता, तेव्हा कॉर्नरमध्ये स्टीवर्ड त्याच्यावर चिडला, की ह्याला झोपव. बाराव्या राउंडला शेवटचे पाच सेकंद उरले असताना डाव्या हुकने त्याने चेंबर्सला झोपवलं. हात होताच, सांगायला माणूस लागायचा. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये स्टीवर्ड गेला आणि त्यानंतरच्या काही फाइट्समध्ये ते सांगणारं कुणी राहिलं नाही असं मला वाटत राहतं.

प्रश्न (नाशिकहून): सावध खेळणं ठीक आहे हो, पण मिठ्या मारणं नियमात बसतं का? पोवेत्किनच्या फाइटमध्ये तर बॉक्सिंग कमी आणि गळ्यात पडणं जास्त होतं.

उत्तर: नियमात बसत नाही, आणि ह्या बाबतीत मी क्लिच्कोची बाजू अजिबात घेणार नाही.

2013 च्या ऑक्टोबरमधली मॉस्कोची फाइट. पोवेत्किन स्वतः ऑलिम्पिक चॅम्पियन, तोपर्यंत एकदाही न हरलेला, पण उंचीला चार इंच कमी, त्यामुळे त्याला आत घुसल्याशिवाय काही करताच येणार नव्हतं. आता आत घुसताना काय व्हायचं ते बारकाईने बघा. पोवेत्किन डोकं खाली घालून पुढे येतो, क्लिच्कोचा जॅब चुकतो किंवा अर्धवट बसतो, तोच डावा हात परत न येता पोवेत्किनच्या मानेमागे जातो, उजवा हात त्याच्या दंडाखाली, आणि मग जवळपास 110 किलोचं सगळं अंग त्याच्या मानेवर टेकतं. रेफरी येऊन सोडवेपर्यंत तीन-चार सेकंद तो वजन वाहतोय. असं एका राउंडमध्ये कितीतरी वेळा, बारा राउंड. मग आठव्या-नवव्या राउंडला त्याचे पाय जड झाले तर नवल काय? पोवेत्किन त्या फाइटमध्ये चारदा खाली गेल्याचं मोजलं गेलं, एकदा दुसऱ्या राउंडमध्ये आणि तीनदा सातव्यात, पण त्यात ठोसे किती आणि ढकलणं किती हे बघणाऱ्याने ठरवावं. तिन्ही जजनी 119-104 दिलं.

धरणं हा फाउल आहे, वरून वजन टाकून दाबणं हासुद्धा फाउल आहे. एखाद-दुसऱ्या वेळी धरलं तर रेफरी नुसतं सोडवतो, सगळेच बॉक्सर दमले की धरतात. पण ती मुद्दाम वापरलेली पद्धत असेल तर ताकीद द्यायची, ऐकलं नाही तर गुण कापायचा. मॉस्कोला रेफरी लुइस पाबोनने गुण कापला तो थेट अकराव्या राउंडमध्ये, तेव्हा फाइट कधीच हातातून गेलेली. 2015 ला न्यूयॉर्कला ब्रायंट जेनिंग्जबरोबर रेफरीने दहाव्या राउंडमध्ये एक गुण कापला आणि त्या रात्री क्लिच्को थोडा अडचणीत दिसला, त्याला जास्त ठोसे टाकायला लागले, जेनिंग्जनेही चांगली झुंज दिली.

म्हणून माझं म्हणणं असं की लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. लांबून खेळणं, समोरच्याला जवळ येऊ न देणं, धोका न पत्करणं ही त्याची कला होती आणि तिच्यासाठी त्याला नावं ठेवू नयेत. धरून दाबणं हे नियम मोडणं होतं, त्याची जबाबदारी त्याच्यावर आहेच आणि त्याहून जास्त त्या रेफरींवर आहे ज्यांनी वर्षानुवर्षं ते चालू दिलं. तिसऱ्या-चौथ्या राउंडलाच गुण कापला असता तर त्याला खेळ बदलायलाच लागला असता, आणि मला खात्री आहे त्याला तो बदलता आला असता, एवढा चांगला बॉक्सर तो होता.

प्रश्न (फ्रँकफर्टहून): मी गेली काही वर्षं जर्मनीत आहे. इथे क्लिच्को म्हटलं की ऑफिसमधले बॉक्सिंग न बघणारे लोकही आदराने बोलतात, अमेरिकन कलीग मात्र तोंड वाकडं करतात. असं का?

उत्तर: दोघे भाऊ, विताली आणि व्लादिमिर, अगदी सुरुवातीपासून जर्मनीत राहून खेळले, जर्मन बोलायचे, दोघांकडे डॉक्टरेट, टीव्हीवर नीट बोलायचे, आणि आईला शब्द दिला होता म्हणून एकमेकांशी कधी लढले नाहीत. तिथल्या प्रेक्षकांना ते घरचेच वाटले. 2009 ला गेल्सेनकिर्शनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये चागायेवबरोबरची फाइट बघायला साठ हजारांवर माणूस होता. आणि अमेरिकेत? इब्रागिमोवच्या त्या रटाळ रात्रीनंतर व्लादिमिर तिथे थेट 2015 ला जेनिंग्जविरुद्धच उतरला, मधली सात वर्षं गायब. अमेरिकन माणसाच्या डोक्यात त्याचं शेवटचं चित्र ते, मध्ये त्याने कुणाकुणाला झोपवलं ते त्यांनी दुपारच्या वेळी (जर्मनीत रात्र तेव्हा तिकडे दुपार) टीव्हीवर बघितलं किंवा बघितलंच नाही. त्यात माइक टायसनची आठवण ताजी, हेवीवेट म्हणजे दीड मिनिटात खेळ खल्लास अशी अपेक्षा. जर्मन प्रेक्षक शिस्तीचं कौतुक करतात वगैरे जे लिहिलं जातं ते मला फारसं पटत नाही, आपला माणूस जिंकतोय म्हटलं की कुठलाही प्रेक्षक सावध खेळ चालवून घेतो.

प्रश्न (ठाण्याहून): त्याच्या काळात समोर कुणी दमदार नव्हताच, मग एवढं सावध राहायची गरज काय होती?

उत्तर: मोहम्मद अलीला फ्रेझर आणि फोरमन मिळाले तसं ह्याला कुणी मिळालं नाही हे खरं आहे, आणि त्या काळातला दुसरा सगळ्यात तगडा हेवीवेट तर सख्खा भाऊच होता. पण कमजोर म्हणून सोडून द्यावं असंही नव्हतं. डेव्हिड हे (Haye) नावाचा ब्रिटिश बॉक्सर 2011 ला हॅम्बर्गला भिडला तेव्हा त्याचा वेग आणि उजवा हात कुणालाही झोपवू शकेल असा होता, महिनोन्‌महिने त्याने क्लिच्कोला वाट्टेल ते बोलून घेतलं होतं, आणि क्लिच्कोने चिडून एकही चुकीचं पाऊल टाकलं नाही, बारा राउंड जॅब मारून त्याला लांब ठेवलं आणि स्पष्ट हरवलं. नंतर डेव्हिड म्हणाला पायाचं बोट दुखत होतं. ती फाइटही लोकांना कंटाळवाणी वाटते, मला नाही वाटत, कारण तिथे समोर खरा धोका होता. इब्रागिमोव आणि डेव्हिड हे, दोन्ही रात्री तो जवळजवळ सारखाच खेळला, पण एकीकडे कारण होतं आणि दुसरीकडे नव्हतं.

प्रश्न (नागपूरहून): मग टायसन फ्युरीबरोबर काय झालं? तिथे तर त्याने हातच उचलला नाही.

उत्तर: हो, आणि सावधपणाचा तोटा दाखवायला माझ्याकडे हीच फाइट आहे. 28 नोव्हेंबर 2015, ड्यूसेलडॉर्फ. फ्युरी 6 फूट 9 इंच, हात क्लिच्कोपेक्षाही लांब, म्हणजे ज्या एका गोष्टीवर सगळी पद्धत उभी होती तीच त्या रात्री समोरच्याकडे होती. वर तो सतत हलत होता, खोटे ठोसे दाखवत होता, कधी उजवा पुढे कधी डावा, हात पाठीमागे नेऊन चिडवत होता. क्लिच्को योग्य क्षणाची वाट बघत राहिला आणि तो क्षण आलाच नाही. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशोबाने बारा राउंडमध्ये त्याचे 52 ठोसे बसले, म्हणजे राउंडला चार-पाच. अकरा वर्षं न हरलेला चॅम्पियन! फ्युरीनेही काही पाऊस पाडला नव्हता, 86 बसवले, पण जजना तेवढं पुरलं, 115-112, 115-112, 116-111. बाराव्या राउंडमध्ये क्लिच्को शेवटी सुटला, पण तोवर फार उशीर झाला होता. अकरा वर्षं धोका टाळून टाळून, धोका घ्यायची वेळ आली तेव्हा शरीराने ऐकलं नाही असं मी ती फाइट बघताना म्हणते, वय 39 होतं हेही धरून.

आणि दीड वर्षांनी, एप्रिल 2017, वेम्बली, 90 हजार लोक, समोर 27 वर्षांचा अँथनी जोशुआ. ज्यांना क्लिच्को कंटाळवाणा वाटतो त्यांनी ही एक रात्र बघावी. पाचव्यात क्लिच्को खाली, त्याच राउंडमध्ये उठून त्याने जोशुआला हलवलं, सहाव्यात तोच उजवा हात सरळ सुटला आणि जोशुआ आडवा. उठला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते. इथे क्लिच्कोने तुटून पडायला हवं होतं आणि तो पडला नाही, परत अंतर राखून जॅब टाकायला लागला, जोशुआला दोन-तीन राउंड श्वास घ्यायला मिळाले आणि अकराव्यात त्याने दोनदा पाडून फाइट संपवली. काही लोक म्हणतात तिथे त्याला नॉकआउट मिळालाच असता, तसं छातीठोक कुणी सांगू शकत नाही, कारण जोशुआ लटपटत्या अवस्थेतही उलट मारू शकला असता आणि क्लिच्को 41 वर्षांचा होता, ब्रुस्टरची आठवणही असणारच. पण त्या दोन राउंडसाठी मला मनापासून वाईट वाटतं. त्यानंतर त्याने निवृत्ती घेतली.

प्रश्न (पुण्याहून): ताई, मी राज्य पातळीवर खेळते, माझ्या गटात मी सगळ्यात उंच असते. कोच म्हणतात क्लिच्को बघ आणि शिक, मैत्रिणी म्हणतात असं खेळलीस तर कुणी बघायला येणार नाही. काय करू?

उत्तर: कोचचं ऐक, पण काय उचलायचं ते निवडून घे. त्याचा डावा हात बघ, ठोसा मारण्याआधीसुद्धा तो हात काय काम करतो ते बघ, समोरच्याच्या ग्लोव्हला हलकेच स्पर्श करून ठेवतो म्हणजे तिला दिसतही नाही आणि पुढेही येता येत नाही. त्याचे पाय बघ, मारल्यानंतर तो कधी पुढे कोलमडत नाही, मागचा पाय नेहमी भाराखाली असतो. आणि जॅब मारून नुसतं उभं न राहता अर्धं पाऊल मागे सरकणं, हे उंच मुलीला फार उपयोगी.

वाट बघत राहणं मात्र उचलू नकोस. तुझी बाउट तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडची, त्याच्याकडे छत्तीस मिनिटं असायची. पहिला राउंड अंदाज घेण्यात घालवलास तर एक तृतीयांश बाउट गेली, आणि जज प्रत्येक राउंडला कुणी जास्त स्वच्छ ठोसे बसवले ते बघणार. आणि धरायची सवय तर लावूच नकोस, अमेच्युअरमध्ये ताकीद पटकन येते.

बघायला दोन फाइट्स सांगते. एक 2006 ची ख्रिस बर्डबरोबरची, सात राउंडमध्ये संपली, त्यात जॅबपाठोपाठ उजवा कसा येतो ते हळू स्पीडला लावून बघ. दुसरी 2014 ची हॅम्बर्गची, कुब्रात पुलेवबरोबर, तिथे पहिल्याच राउंडमध्ये त्याने पुलेवला दोनदा पाडलं आणि पाचव्यात डाव्या हुकने संपवलं. समोरचा उजव्या हाताची वाट बघत असताना डावा हुक कुठून निघतो, पुढच्या पायाचा अंगठा कसा वळतो, ते चार-पाच वेळा मागे घेऊन बघ आणि दुसऱ्या दिवशी बॅगवर करून कोचला दाखव.